घुमटातील चंद्र : चिगोली, गॅलिलिओ आणि वैज्ञानिक प्रतिमेचे चित्रांतर

रोम येथील सांता मारिया माज्जोरे ह्या प्राचीन बॅसिलिकेला लागून पोप पाचवा पॉल ह्याने जे प्रार्थनामंदिर बांधविले, त्याच्या घुमटात लोदोविको कार्दी उर्फ चिगोली ह्या फ्लॉरेन्सवासी चित्रकाराने १६१० ते १६१२ ह्या काळात एक विशाल भित्तिचित्र रंगविले. ओल्या गिलाव्यावर रंगविलेल्या ह्या चित्रात प्रभामंडलाने वेढलेली मेरी चंद्रावर उभी आहे. मस्तकाभोवती बारा तारे, सभोवती देवदूतांचे समुदाय, चंद्राखाली सर्प. असे चित्र त्या शतकात काही अपूर्व नव्हते. अपूर्व होता तो चंद्र. तो गुळगुळीत, रुपेरी, पारदर्शक असा नसून खडबडीत आहे. त्यावर विवरे आहेत, डाग आहेत, आणि उजेड व अंधार ह्यांमधील सीमारेषा दंतुर झालेली आहे. २३ डिसेंबर १६१२ रोजी लिन्चेई अकादमीचा संस्थापक फेदेरिको चेझी ह्याने गॅलिलिओस पत्र लिहून ही वार्ता कळविली. चिगोलीने आपल्या स्नेहास जागून, मेरीच्या प्रतिमेखाली तुम्ही शोधून काढलेला चंद्रच रंगविला आहे, त्याची कंगोरेदार सीमारेषा व त्यावरील लहान लहान बेटेही त्यात आहेत, असा त्या मजकुराचा आशय होता.

वैज्ञानिक निरीक्षणातून निघालेली प्रतिमा एका स्वतंत्र कलाकृतीत उतरली, ह्याचे एवढे निश्चित तारखेचे व साक्षीदाराच्या पत्राने प्रमाणित झालेले इतके जुने उदाहरण युरोपच्या इतिहासात क्वचितच सापडेल. ह्यामुळेच त्याविषयी दोन सोप्या समजुती प्रचलित झाल्या आहेत. पहिली अशी की, शोध शास्त्रज्ञाने लावला आणि चित्रकाराने तो केवळ उसना घेतला. दुसरी अधिक रंजक आहे : चिगोलीने पोपच्या स्वतःच्या मंदिरात, पोपच्या डोळ्यांदेखत, चर्चला अमान्य असलेले सत्य गुपचूप रंगवून ठेवले. उपलब्ध पुराव्याकडे तारखांच्या क्रमाने पाहिल्यास ह्या दोन्ही समजुती टिकत नाहीत. पहिलीत वैज्ञानिक प्रतिमा घडते कशी ह्याचा विसर पडलेला आहे, आणि दुसरीत १६३३ च्या खटल्याची छाया वीस वर्षे मागे ओढून आणलेली आहे.

चंद्राच्या डागांचा प्रश्न युरोपीय मनाला एवढा अवघड का वाटावा, हे भारतीय वाचकास प्रथमदर्शनी उमगणे कठीण आहे. आपल्या भाषेत शशांक व मृगांक ही चंद्राची नावेच मुळी त्याच्या डागावरून पडलेली आहेत. डाग हा चंद्राच्या ओळखीचा भाग आहे, आणि संस्कृत कवींनी तो दोष मानूनही चंद्राच्या शोभेस बाधक मानलेला नाही. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत मात्र चंद्रापासून वरचे विश्व अविकारी तत्त्वाचे, परिपूर्ण गोलांचे बनलेले होते. डोळ्यांना दिसणारे डाग नाकारता येत नव्हते, म्हणून त्यांची उपपत्ती लावणे भाग होते. चंद्रद्रव्याची घनता सर्वत्र सारखी नसल्यामुळे काही भाग प्रकाश अधिक घेतात व काही कमी, ही त्यांपैकी सर्वमान्य झालेली उपपत्ती होय. पृष्ठभाग गुळगुळीत राहिला, गोल परिपूर्ण राहिला, आणि डागांचीही सोय लागली. ख्रिस्ती भक्तिपरंपरेने ह्याच निर्मळ गोलास मेरीच्या निष्कलंकतेचे चिन्ह बनविले. 'गीतरत्न' ह्या बायबलातील काव्यग्रंथातील चंद्राची उपमा तिच्या स्तुतीत रूढ झाली. चिगोलीच्या चंद्राखाली हे दोन्ही प्रवाह, म्हणजे ग्रीक विश्वरचना आणि ख्रिस्ती प्रतीक, एकत्र वाहत होते.

चिगोलीचा जन्म १५५९ चा, गॅलिलिओचा १५६४ चा. दोघांनीही ओस्तिल्यो रिच्ची ह्या गणितज्ञाकडे अध्ययन केले होते. हा रिच्ची फ्लॉरेन्सच्या दरबाराशी व कलावंतांशी निकट संबंध असलेला शिक्षक होता, आणि त्याच्या गणितात यथादर्शनाला मोठे स्थान होते. यथादर्शन म्हणजे केवळ दूरची वस्तू लहान काढण्याची युक्ती नव्हे. गोल, शंकू, कडे, कंगोरे असलेली वर्तुळाकार रचना अशा घनाकृतींवर एका बाजूने प्रकाश पडला असता छाया कोठे पडेल, किती लांब पडेल, उंचवट्याचा कोणता भाग उजळेल व खळग्याचा कोणता भाग काळवंडेल, ह्याचे भूमितीय गणित त्यात शिकविले जाई. लोरेन्झो सिरिगात्ती ह्याच्या १५९६ मध्ये व्हेनिस येथे निघालेल्या यथादर्शनावरील ग्रंथात अशा उंचसखल पृष्ठभागांच्या आकृत्या मोठ्या कौशल्याने काढलेल्या आहेत. फ्लॉरेन्समधील कलेच्या विद्यार्थ्याला ही विद्या बाराखडीसारखी गिरवावी लागे. चिगोलीने स्वतः यथादर्शनावर एक ग्रंथ लिहिला. तो त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. गॅलिलिओही केवळ चित्ररसिक नव्हता. फ्लॉरेन्सच्या चित्रकलेच्या अकादमीने १६१३ मध्ये त्यास आपला सदस्य करून घेतले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे १६०९ च्या हिवाळ्यात पादुआ येथे काय घडले ते नीट कळते. सुमारे वीसपट वर्धनाची दुर्बीण चंद्राकडे वळविल्यावर गॅलिलिओने जे पाहिले ते त्याने तपकिरी शाईचे पातळ थर देऊन कागदावर उतरविले. ही चित्रे आज फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांत रेषा थोडी आणि छाया पुष्कळ आहे. कागदाचा कोरा भाग म्हणजे सूर्यप्रकाश, पहिला पातळ थर म्हणजे कवडसा, त्यावरील दाट थर म्हणजे खळग्यातील अंधार, अशी ही सरळ चित्रकाराची कृती आहे. दुर्बिणीने त्याला पर्वत दाखविले नाहीत. तिने दाखविले ते काळे व पांढरे ठिपके. सूर्याच्या बाजूस काळे आणि विरुद्ध बाजूस उजळ असे हे ठिपके सीमारेषेजवळ दाटलेले होते, आणि सूर्य जसजसा वर येई तसतसा त्यांचा काळिमा घटत जाई. ह्या ठिपक्यांना खळगे म्हणावयाचे, आणि अंधाऱ्या भागात एकाकी चमकणाऱ्या बिंदूंना शिखरे म्हणावयाचे, हा निष्कर्ष छायेची भाषा येणाऱ्या डोळ्याचा आहे.

त्या निष्कर्षाला जोडून गॅलिलिओने जे गणित केले ते अतिशय साधे व सुंदर आहे. सीमारेषेच्या पलीकडे, अजून रात्र असलेल्या भागात, काही शिखरे उजळलेली दिसतात. सीमारेषेपासून त्यांचे अंतर कधीकधी चंद्राच्या व्यासाच्या विसाव्या हिश्शाइतके असते. चंद्राचा व्यास २,००० इटालियन मैल धरला तर हे अंतर १०० मैल होते. आता सूर्याचा किरण सीमारेषेवर चंद्रगोलास स्पर्श करून पुढे त्या शिखराच्या टोकाला भिडतो, असे समजावे. १,००० मैलांची त्रिज्या आणि १०० मैलांची स्पर्शरेषा ह्यांमधील कोन काटकोन असल्यामुळे केंद्रापासून शिखरापर्यंतचे अंतर १,००४ मैलांहून अधिक निघते. म्हणजेच शिखराची उंची चार मैलांहून अधिक. पायथागोरसच्या सिद्धांतापलीकडे ह्यात काही नाही. परंतु उजळलेला बिंदू हा प्रकाशस्रोतापुढे ठेवलेल्या घनाकृतीचा कोपरा आहे, अशी कल्पना सुचल्याशिवाय हा सिद्धांत तेथे लावण्याची बुद्धीच होणार नाही.

ह्या ठिकाणी टॉमस हॅरियट ह्या इंग्रज गणितज्ञाचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्याने गॅलिलिओच्याही आधी, त्या वेळच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे २६ जुलै १६०९ रोजी, दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचे चित्र काढले होते. त्या चित्रात सीमारेषा ओबडधोबड आहे, काही ठिकाणी काळसर फराटे आहेत, परंतु विवर एकही नाही. गॅलिलिओचा ग्रंथ हाती आल्यावर जुलै १६१० मध्ये त्याने जे चित्र काढले त्यात मात्र विवरे आली. हॅरियटचा वेल्समधील मित्र विल्यम लोअर ह्याने त्याच सुमारास चंद्राकडे पाहून, आपल्या आचाऱ्याने गेल्या आठवड्यात केलेल्या टार्टची, म्हणजे गोड सारण भरून भाजलेल्या रोटीची, आठवण काढली. तिच्यासारखेच कोठे उजळ, कोठे काळपट असे सारे गोंधळलेले त्याला दिसले. ह्या पुराव्यावरून, चित्रकलेचे शिक्षण नसल्यामुळेच इंग्रजांना पर्वत दिसले नाहीत, असा निष्कर्ष काही विद्वानांनी काढला आहे. तो बव्हंशी योग्य असला तरी पुरा नाही. हॅरियटच्या पहिल्या दुर्बिणीचे वर्धन केवळ सहापट होते, ही गोष्ट तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकावीच लागते. दृष्टीचे संस्कार आणि यंत्राची शक्ती ह्यांपैकी कोणत्या एकालाच श्रेय देणे इतिहासाला धरून होणार नाही.

मार्च १६१० मध्ये व्हेनिस येथे 'सिदेरेउस नुन्सिउस' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या ५५० प्रती काढण्यात आल्या. त्यातील चंद्राच्या ताम्रपटांवरील छापांत एक लक्षणीय गोष्ट आढळते. चंद्राच्या मध्याजवळ सीमारेषेवर एक प्रचंड विवर दाखविलेले आहे. मजकुरात त्याची तुलना चहूबाजूंनी पर्वतांनी वेढलेल्या बोहेमिया प्रांताशी केलेली आहे. प्रत्यक्षात त्या स्थळी एवढे मोठे विवर नाही. ही निरीक्षणातील चूक असावी असे मानणे अवघड जाते, कारण हाताने काढलेल्या मूळ चित्रांत प्रमाण इतके बिघडलेले नाही. विवरात प्रकाश कसा शिरतो, एक कड आधी कशी उजळते आणि दुसरी मागाहून कशी, हे वाचकास पटावे म्हणून एका नमुन्याचा आकार मुद्दाम वाढविला असावा, हाच तर्क अधिक संभवनीय दिसतो. नकाशाची अपेक्षा ठेवून ह्या छापांकडे पाहिल्यास ते सदोष ठरतात. युक्तिवाद म्हणून पाहिल्यास ते समर्पक ठरतात. आणि युक्तिवादासाठी प्रमाण बदलणे, एक अंग उठावदार करणे, हा तर चित्रकाराचा नित्याचा अधिकार आहे. तेव्हा चिगोलीपर्यंत जी 'वैज्ञानिक प्रतिमा' पोहोचली ती कलेच्या शाळेतून आधीच जाऊन आलेली होती. त्याने ती उसनी घेतली असे म्हणण्यापेक्षा आपल्याच घरची वस्तू परत आलेली त्याने ओळखली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

रोममध्ये घुमटाचे काम चालू असताना चिगोलीने गॅलिलिओस लिहिलेली तीसच्या आसपास पत्रे उपलब्ध आहेत. गॅलिलिओची उत्तरे बहुतेक नष्ट झाली. ह्या एकतर्फी पत्रव्यवहारातून चिगोलीचे जे चित्र उभे राहते ते भाविक कारागिराचे नाही. मित्राच्या वतीने रोममधील विद्वानांची मते टिपणारा, टोमणे मारणारा, प्रसंगी संतापणारा असा तो एक चौकस मनुष्य दिसतो. एप्रिल १६११ मध्ये कार्डिनल बेल्लार्मिनो ह्याने रोमच्या जेझुइट महाविद्यालयातील गणितज्ञांना गॅलिलिओच्या शोधांविषयी मत विचारले होते. त्यांनी २४ एप्रिल रोजी दिलेल्या उत्तरात गुरूचे उपग्रह, शुक्राच्या कला, असंख्य नवे तारे ह्यांना दुजोरा दिला. चंद्राच्या बाबतीत मात्र त्यांचे एकमत होईना. चंद्रावरील वैषम्य नाकारता येत नाही, पण ते पृष्ठभागाचे नसून घनतेचे असणे अधिक संभवनीय, असे ज्येष्ठ गणितज्ञ क्लाव्हिउस ह्याचे मत असल्याची नोंद त्या उत्तरात आहे. क्लाव्हिउस तेव्हा सत्तरी ओलांडलेला, ग्रेगोरियन पंचांगाच्या सुधारणेत अग्रगण्य भाग घेतलेला, युरोपभर मान्य असा पंडित होता. त्याच्याविषयी ११ ऑगस्ट १६११ च्या पत्रात चिगोली लिहितो की, ह्या गोष्टीचा आपण पुष्कळ विचार केला, आणि एवढेच समाधान सुचले : गणितज्ञ कितीही मोठा असला तरी आरेखनाची विद्या नसेल तर तो अर्धाच गणितज्ञ होय, इतकेच नव्हे तर तो डोळे नसलेला मनुष्य होय.

हे वाक्य नुसते उपहासाचे मानून चालणार नाही. त्या काळी गणितज्ञाची व चित्रकाराची सामाजिक पायरी सारखी नव्हती. चित्रकला ही हातांची कारागिरी नसून बुद्धीची विद्या आहे, हे फ्लॉरेन्सच्या अकादमीने १५६३ पासून प्रतिपादन चालविले होते. तरी तो वाद मिटलेला नव्हता. चंद्राच्या डागांनी चित्रकाराला प्रथमच असे क्षेत्र मिळवून दिले की जेथे त्याच्या शिक्षित डोळ्याला निसर्गाच्या सत्याविषयी निर्णय देण्याचा अधिकार पोहोचत होता, आणि तोही क्लाव्हिउससारख्या पंडिताच्या विरुद्ध. चंद्र खडबडीत ठरला तर गॅलिलिओ जिंकणार होता. त्याचबरोबर चिगोलीची विद्याही जिंकणार होती.

विरोधकांच्या युक्त्याही ह्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. लोदोविको देल्ले कोलोंबे ह्याने असे सुचविले की, चंद्रावर पर्वत व दऱ्या असल्या तरी त्या सर्व एका पारदर्शक स्फटिकासारख्या द्रव्याने भरून निघालेल्या असाव्यात. म्हणजे बाहेरून गोल परिपूर्णच राहतो. ही कल्पना सुरेख आहे, पण मग त्याच अदृश्य स्फटिकाचे दहापट उंच पर्वत चंद्रावर आहेत असे म्हणण्यास आपल्याला कोणती हरकत, असा प्रतिप्रश्न गॅलिलिओने केला. सूर्यावरील डागांच्या बाबतीत हेच नाटक पुन्हा घडले. जेझुइट ज्योतिषी ख्रिस्तोफ शायनर ह्याने १६१२ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या पत्रांत, सूर्याची निर्दोषता वाचविण्यासाठी, हे डाग सूर्यावर नसून सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान पिंडांचे आहेत, असे प्रतिपादिले. गंमत अशी की, त्याने आपले नाव लपवून 'ॲपेलीझ' हे टोपणनाव घेतले. आपल्या चित्राआड लपून प्रेक्षकांची टीका ऐकणाऱ्या प्राचीन ग्रीक चित्रकाराचे ते नाव होय. ज्या वादात शास्त्रज्ञाला चित्रकाराचे सोंग घ्यावेसे वाटले, त्याच वादात खरा चित्रकार सांता मारिया माज्जोरेमध्ये काम करता करता दुर्बिणीने सूर्याचे वेध घेत होता. चिगोलीने फेब्रुवारी व मार्च १६१२ मध्ये सूर्याच्या डागांची क्रमवार चित्रे काढून गॅलिलिओस पाठविली. त्याच मंदिराच्या कामावर असलेला दोमेनिको पास्सिन्यानो हा दुसरा चित्रकारही सूर्य न्याहाळीत असे. पोपच्या मंदिराची परांची अशा रीतीने काही काळ वेधशाळेचे काम देत होती.

आता घुमटाकडे वळावे. विषयाचा आधार नव्या करारातील प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात आहे : सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र असलेली, बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली स्त्री. हीच प्रतिमा पुढे निष्कलंक गर्भसंभवाच्या सिद्धांताची, म्हणजे मेरी स्वतःच्या गर्भसंभवाच्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होती ह्या मताची, चिन्हप्रतिमा बनली. ते मत तेव्हा चर्चचे अधिकृत सूत्र नव्हते. ते १८५४ मध्ये झाले. फ्रान्सिस्कन व डोमिनिकन संप्रदायांत त्यावरून तीव्र वाद होता. म्हणून ह्या चित्रात दोन उघडे प्रश्न एकत्र आले : मेरी निष्कलंक होती काय, आणि चंद्र निष्कलंक आहे काय. चंद्र मेरीचे चिन्ह असेल तर दुसऱ्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर पहिल्याला बाधक ठरते. येथेच बंडखोरीच्या समजुतीचे मूळ आहे.

परंतु चंद्राचा आणखी एक अर्थ मध्ययुगापासून प्रचलित होता. बाराव्या शतकातील क्लेर्व्होचा संत बर्नार्ड ह्याने ह्याच वचनावर प्रवचन करताना, क्षणोक्षणी बदलणारा चंद्र हे अस्थिरतेचे व मूढतेचे रूप मानले होते. ह्या अर्थी चंद्र मेरीचे चिन्ह नसून तिने पायाखाली घातलेल्या विकारी जगाचे चिन्ह ठरतो. मग तो डागाळलेला, खडबडीत, पृथ्वीसारखा दाखविला तर प्रतीकात दोष येत नाही. उलट निष्कलंक मेरी आणि सकलंक चंद्र असा विरोध साधून प्रतीक अधिक ठळक होते. चिगोलीच्या मनात हाच अर्थ होता असा लेखी पुरावा नाही. तथापि चंद्राच्याच खाली सर्प ठेवलेला पाहता पायदळी पडलेल्या वस्तूंची ही पायरी आहे, असे वाचण्यास चित्रातच आधार मिळतो. मंदिराच्या चित्रांचा विषयक्रम धर्मशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ठरलेला होता, आणि चिगोलीच्या चंद्रास कोणी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. चेझीच्या पत्रात ह्या घटनेची वार्ता उघड अभिमानाने दिलेली आहे. गुपित उघड करण्याचा स्वर त्यात नाही. १६११ मध्ये जेझुइट गणितज्ञांनी बहुतांशी मान्य केलेली, आणि स्वतः गॅलिलिओचा रोममध्ये सन्मान झाल्यानंतरची ही गोष्ट आहे, हे विसरता कामा नये.

पुढे ५ मार्च १६१६ रोजी ह्याच पाचव्या पॉलच्या कारकीर्दीत कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली. चित्र सुटले आणि ग्रंथ अडकला, असे ह्यावरून म्हणण्याचा मोह होतो. त्यात तथ्य अर्धेच आहे. १६१६ चा निर्णय पृथ्वीच्या गतीविषयी होता, चंद्रावरील पर्वतांविषयी नव्हता. विवरे रंगविल्याने पृथ्वी फिरते असे कोणी कबूल केले, असे होत नाही. परंतु उरलेले अर्धे तथ्य महत्त्वाचे आहे. विधानाला 'होय' किंवा 'नाही' म्हणावे लागते. चित्रातील चंद्र मात्र ज्याला गॅलिलिओचा ग्रंथ ठाऊक होता त्याला एक सांगत होता, ज्याला संत बर्नार्ड ठाऊक होता त्याला दुसरे, आणि खाली गुडघे टेकलेल्या यात्रेकरूला तिसरे. ह्या अनेकार्थतेमुळेच वैज्ञानिक प्रतिमा धर्मस्थळात सुखाने नांदू शकली, आणि तिच्यामुळेच तिला तेथे साक्षीचे बळ मात्र उरले नाही. चिगोलीचा घुमट पाहून कोणाचे चंद्राविषयीचे मत बदलले, असे उदाहरण ज्ञात नाही. चिगोली ८ जून १६१३ रोजी मरण पावला.

त्याचे अनुकरण फारसे झाले नाही, ही गोष्टही सूचक आहे. सेव्हिलचा चित्रकार व चित्रशास्त्रकार फ्रान्सिस्को पाचेको ह्याने, १६४९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, अशा चित्रात चंद्रकोरीची टोके खाली वळवावीत असे सांगितले. कारण वरून सूर्यतेज पडत असताना प्रकाशमान भाग वरच असणार. म्हणजे प्रकाशाचे गणित त्याने घेतले, पण डाग घेतले नाहीत. त्याचा शिष्य व जामात व्हेलास्केझ ह्याने १६१८-१९ च्या सुमारास रंगविलेल्या मेरीच्या पायाखालचा चंद्र काचेच्या गोळ्यासारखा पारदर्शक आहे. कोलोंबेचा स्फटिक चित्रात मात्र टिकून राहिला, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरीकडे, डागाळलेला चंद्र दिसला की गॅलिलिओचा प्रभाव मानण्याची घाईही धोक्याची आहे. ॲडम एल्सहायमर ह्या रोमनिवासी जर्मन चित्रकाराच्या 'इजिप्तकडे पलायन' ह्या म्युनिकमधील लहानशा ताम्रपटचित्रात चंद्रावर डाग आहेत आणि आकाशगंगा सुट्या सुट्या ताऱ्यांची आहे. परंतु ते चित्र १६०९ चे आहे आणि गॅलिलिओचा ग्रंथ १६१० चा. त्याविषयी वाद अजून संपलेला नाही.

शतकाच्या उरलेल्या काळात ह्या व्यवहाराचा प्रवाह मुख्यतः उलट दिशेने वाहिला : चित्रकार ज्योतिषांच्या सेवेत आले. क्लोद मेलाँ ह्या फ्रेंच उत्कीर्णकाराने १६३० नंतरच्या दशकात गासेंदी व पेरेस्क ह्यांच्यासाठी चंद्राचे जे तीन ताम्रपट कोरले, ते गॅलिलिओच्या छापांहून कितीतरी अधिक नेमके आहेत. न्यूरेंबर्गच्या मारिया क्लारा आइमार्ट हिने १६९३ ते १६९८ ह्या वर्षांत पित्याच्या वेधशाळेतून चंद्राची सुमारे साडेतीनशे चित्रे काढली. निळ्या कागदावर फिकट पेस्टलने काढलेली ही चित्रे निरीक्षणाच्या नोंदी आहेत, आणि तरीही ती पाहताना आपण नोंदवही चाळीत आहो असे वाटत नाही. त्यांपैकी काही चित्रे बोलोन्याचा सेनानी व निसर्गशास्त्रज्ञ काउंट लुइजी फेर्दिनांदो मार्सिली ह्याच्या संग्रही आली.

ह्याच मार्सिलीने चित्राकडून एक निराळेच काम करवून घेतले. बोलोन्यात सार्वजनिक वेधशाळा व्हावी अशी त्याची आकांक्षा होती. नगर पोपच्या सत्तेखाली असल्यामुळे क्लेमेंट अकरावा ह्याची अनुकूलता मिळविणे आवश्यक होते. निवेदनाऐवजी, किंवा निवेदनाला जोड म्हणून, मार्सिलीने १७११ मध्ये दोनातो क्रेती ह्या स्थानिक चित्रकाराकडून आठ लहान तैलचित्रे करवून घेतली : सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि धूमकेतू. प्रत्येकात एक शांत निसर्गदृश्य आहे. त्यात काही मनुष्ये दुर्बिणी व इतर उपकरणे घेऊन आकाशाकडे पाहत आहेत किंवा आपसांत बोलत आहेत, आणि वर त्यांचा विषय असलेला पिंड, साध्या डोळ्यांना कधीच दिसणार नाही एवढा मोठा, दुर्बिणीतील स्वरूपात लटकत आहे. मनुष्ये व निसर्ग क्रेतीचे. आकाशस्थ पिंड राइमोंदो मान्झीनी ह्या सूक्ष्मचित्रकाराचे. शास्त्रीय मार्गदर्शन ज्योतिषी एउस्ताक्यो मान्फ्रेदी ह्याचे. गुरूवरील पट्टे व त्याचा तांबडा डागही त्यात दाखविलेला आहे.

चिगोलीच्या घुमटाशी ह्या चित्रांची तुलना केल्यास शंभर वर्षांतील अंतर स्पष्ट होते. घुमटात चंद्र पायाखाली होता. क्रेतीच्या चित्रात त्याच्या वर कोणी नाही. घुमटात चंद्राचे रूप नवे होते, पण चंद्र पाहणारा मनुष्य चित्राबाहेर, परांचीवर होता. येथे पाहणे हाच चित्राचा विषय झाला आहे. मात्र एक भाग कायम राहिला. १७११ मध्ये कोपर्निकसवरील बंदी उठलेली नव्हती. पृथ्वीच्या गतीची शिकवण देणाऱ्या ग्रंथांवरील सरसकट निर्बंध १७५८ मध्ये सैल झाला. क्रेतीची आठही चित्रे ह्या प्रश्नाला स्पर्श न करता काय दिसते तेवढेच दाखवितात, विश्वाची रचना कशी आहे हे सांगत नाहीत. पोपकडे पाठविण्याजोगी वस्तू निवडताना मार्सिलीने व मान्फ्रेदीने ग्रंथाऐवजी चित्र निवडले, ह्यात शिष्टाचार होता तसाच विवेकही होता.

चित्रांमुळेच पोपचे मन वळले असे सिद्ध करता येणार नाही. मार्सिलीचे वजन, त्याने नगरास दिलेले संग्रह व इतर राजकीय कारणेही त्यामागे होती. तथापि पोपचा पाठिंबा मिळाला, बोलोन्याची विज्ञानसंस्था १७१४ मध्ये उघडली, आणि वेधशाळेचा मनोरा १७२५ च्या सुमारास पुरा झाला. त्या मनोऱ्यात आता ज्योतिषाचे संग्रहालय आहे, आणि मारिया क्लारा आइमार्टची दहा पेस्टल-चित्रे तेथे जतन करून ठेवलेली आहेत. क्रेतीची आठ चित्रे मात्र ज्यास दिली त्याच्याकडेच राहिली. ती व्हॅटिकनच्या चित्रसंग्रहात आहेत.